आधी गाव विचारू नका

आमच्या नागपुरात माणूस भेटला की आधी त्याचं गाव विचारतात. नाव नंतर. "कोणत्या गावचे तुम्ही?" इथून सुरुवात होते, मग आडनाव, मग मामाचं गाव, आणि चहा संपायच्या आत समोरच्याच्या आत्याची जाऊ आपल्या मावसबहिणीची नणंद निघते. नाही निघाली तर दोघांनाही चुकल्यासारखं वाटतं. मी याच शहरात जन्मले, वाढले, आता म्हातारी व्हायला आले, आणि खरं सांगते, मला ही पद्धत आवडते. दवाखान्यात, बँकेत, आरटीओत याच एका प्रश्नाने मला कितीदा तारलं आहे. तेव्हा पुढचं सगळं मी या पद्धतीवर दात खाऊन लिहिते आहे असं कुणी समजू नये. दात खायला मला दुसऱ्या गोष्टी होत्या.

मी एम.ए.च्या मुलामुलींना मानसशास्त्र शिकवते आणि संध्याकाळी धरमपेठेत, एका ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या खोलीत, समुपदेशनाला बसते. तिथे काही मुलंमुली अशी येत की जी आधी दुसऱ्या कुणाकडे तरी जाऊन पोळून आलेली असत. मुलाला मुलगा आवडतो, मुलीला मुलगी, एवढीच गोष्ट. आणि त्यांना सांगितलेलं काय असे? लग्न करून टाक, सगळं ठीक होतं. सकाळी पळायला जा. एका मुलीला तर देवीचं व्रत सांगितलं होतं, तेही फी घेऊन. ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. सांगणारे दुष्ट नव्हते, चांगले शिकलेले होते. फक्त हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मी ठरवलं, आपल्या विभागातून बाहेर पडणारं एकही पोर यापुढे असं काही बोलणार नाही.

विभागप्रमुखांकडे गेले. आमचे सर सज्जन माणूस, पण ताकही फुंकून पिणारे.

"सर, दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी शनिवारी एक प्रशिक्षण घ्यायचं आहे," मी म्हटलं. "समलैंगिक, ट्रान्स, अशी माणसं आपल्यासमोर आली तर समुपदेशकाने कसं बोलायचं, काय बोलायचं नाही, याचं."

सरांनी चष्मा काढला. "मॅडम, आपल्याकडे अशा केसेस येत नाहीत."

"येतात सर. झोप लागत नाही म्हणून येतात. पोटात दुखतं म्हणून येतात. खरं कारण सांगायच्या आत आपण त्यांना पळवून लावतो."

"अभ्यासक्रमात आहे का?"

"नाही."

"मग कशाला हे विकतचं दुखणं?"

मी उठलेच नाही. चहा आला, चहा संपला, सरांनी दोन फोन केले, खिडकीचा पडदा सरकवून पाहिला, तरी मी आपली बसूनच. शेवटी तेच कंटाळले. "घ्या," म्हणाले, "पण माझं नाव कुठे येऊ देऊ नका." मी म्हटलं, काळजी नको, कुणाचंच येणार नाही.

उन्हाळा लागला होता. वर्गातला कूलर विमान उडाल्यासारखा आवाज करायचा, त्यामुळे सरावाच्या वेळी तो बंद करावा लागे आणि सगळा वर्ग घामाने निथळायचा. पहिल्याच शनिवारी मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, हे परीक्षेत येणार का?"

"परीक्षेत नाही येणार," मी म्हटलं. "दारात येईल."

मग सरावाला सुरुवात केली. एकाने पेशंट व्हायचं, एकाने समुपदेशक. पेशंट झालेली मुलगी म्हणाली, "माझं माझ्या मैत्रिणीवर प्रेम आहे." समोरच्या मुलाने अगदी सहानुभूतीने विचारलं, "हा त्रास तुम्हाला कधीपासून आहे?" त्याचाही काय दोष. तक्रार काय, कधीपासून, किती तीव्र, हे आम्हीच त्यांच्याकडून घोटून घेतो. त्या मुलाचा साखरपुडा नुकताच झाला होता. मी त्याला म्हटलं, "अभिनंदन. तुला हा त्रास कधीपासून आहे?" वर्ग हसला, तोही हसला, आणि मग लाजला. त्या दिवसापासून तो प्रश्न आमच्या वर्गातून गेला.

पण एक प्रश्न जायला तयार नव्हता. पहिल्या वर्षाला सर स्वतः शिकवतात की माणूस अवघडून बसला असेल तर आधी त्याचं गाव विचारा. गाव निघालं, ओळख निघाली की तो मोकळा होतो. सर हे फार छान शिकवतात आणि ते खरंही आहे. पोरांना ते तोंडपाठ होतं. आणि या कामात वर्गातल्या वाडीच्या एका मुलीचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

ती अमरावती रोडवरच्या वाडीची, जिथे ट्रान्सपोर्टची गोडाऊनं लागतात तिथली. वडील आणि मोठे काका, दोघांचं एकत्र घर. तिच्या आवाजात अशी माया होती की तिने "बसा ना" म्हटलं तरी माणूस अर्धा बोलून टाकायचा. माझा तिच्यावर भारी जीव होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

आता वर्गाबाहेरच्या एका मुलाबद्दल. मुलगा म्हणते, पण तिशीचा होता. बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात मालाच्या तपासणीवर काम करायचा. शहरात अशा तरुणांचा एक गट रविवारी बागेत जमतो, त्यांनी मला एकदा बोलावलं होतं, तिथे तो भेटला. घर कन्हानला, घरी आई आणि धाकटी बहीण, वडील गेलेले. बहीण बालवाडीत शिकवायची. तिचं लग्न ठरलं होतं आणि तो दर वाक्याला तिचं नाव घ्यायचा.

तो काही वर्षांपूर्वी इथल्याच एका समुपदेशकाकडे गेला होता. आतलं सगळं सांगायचं ठरवून गेला होता. "त्यांनी गाव विचारलं," तो मला म्हणाला. "मग मामाचं गाव विचारलं. मग म्हणाले, अरे, तू तर आमच्या साळ्याच्या दोस्ताचा भाचा निघाला. इतके खूश झाले मॅडम, चहा मागवला माह्यासाठी. मी म्हटलं, मले झोप नाही येऊन राहिली. एवढंच सांगितलं आणि चहा पिऊन परत आलो."

मी त्याला आमच्या शनिवारच्या प्रशिक्षणाबद्दल सांगितलं.

"मी येतो तुमच्या पोरांसमोर," तोच म्हणाला. "पण काय सांगणार हे आधी सांगू नका त्यांले. कोऱ्या पाटीनं बसू द्या."

"ये. पण गाव खोटं सांग," मी म्हटलं.

तो हसला. "सांगून पाहिलं एकदा. सावनेर म्हटलं, तर समोरचा सावनेरचाच निघाला. गल्ली विचारली त्यानं मले." तरी माझ्या आग्रहाने त्याने कबूल केलं की दुसरं काहीतरी गाव सांगेन.

त्या शनिवारी कूलर बंद केला, दार लावलं. समोर वाडीची मुलगी बसली. त्याने सांगितलं, घरी लग्नाचा तगादा आहे, मला पुरुष आवडतात, आईला कसं सांगू कळत नाही. ती हसली नाही, दचकली नाही, कधीपासून असंही विचारलं नाही. मी कोपऱ्यात उभी राहून मनात म्हटलं, शाब्बास. बोलता बोलता तो थांबला, डोळे पुसून खाली पाहायला लागला. आणि तिला वाटलं, याला जरा आधार द्यावा.

"दादा, गाव कोणतं तुमचं?" तिने विचारलं.

"कन्हान," तो म्हणाला. नंतर मला म्हणाला, इतक्या मायेनं विचारलं की खरंच निघून गेलं तोंडातून.

तिचा चेहरा उजळला. "कन्हान का? आमच्या मोठ्या दादाची सोयरीक कन्हानलेच झाली ना. मुलगी बालवाडीत शिकवते तिथं, तिचा भाऊ बुटीबोरीले..." आणि ती थांबली.

तो उठला. "बस मॅडम, एवढंच," म्हणाला आणि दार उघडून निघून गेला. बाकीच्या पोरांना वाटलं, रडू आलं म्हणून गेला. वाडीच्या मुलीचे मात्र कान लाल झाले होते. मी वर्गाला दोन शब्दांत सांगितलं की या खोलीत ऐकलेलं या खोलीबाहेर जाणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. माना डोलावण्यात आमची पोरं हुशार आहेत.

संध्याकाळी त्याचा फोन आला. मागून कारखान्यातल्या यंत्रांचा आवाज येत होता.

"मॅडम, ती वाडीवाल्यांची पोरगी आहे. माह्या बहिणीचा नवरा होणार तो तिचा चुलतभाऊ आहे. तिनं घरी एक शब्द काढला तर सोयरीक मोडली समजा. बहिणीले काय सांगू मी? तुह्या भावामुळं मोडली म्हणून?"

"ती बोलणार नाही," मी म्हटलं.

"तुम्हाले काय माहीत?"

"मी शिकवलं आहे तिला."

फोन ठेवला. शिकवलं होतं, बरोबर आहे. पण शिकवलेलं किती उतरतं हे मास्तरणीला चांगलं ठाऊक असतं. भाऊ कुणावर प्रेम करतो याचा बहिणीच्या संसाराशी काय संबंध, असं मी स्वयंपाकघरात उभी राहून भांड्यांना विचारत होते. भांड्यांना पटत होतं. वाडीला पटलं नसतं.

सोमवारी तिला कॅन्टीनमध्ये गाठलं. तर्री-पोह्यांच्या दोन बशा घेतल्या आणि झाडाखालच्या टेबलावर बसलो.

"मी काहीच नाही सांगितलं मॅडम," ती आधीच म्हणाली. "पण काल मोठ्या आईनं मलेच विचारलं."

वडिलांच्या थोरल्या भावाच्या बायकोला आमच्याकडे मोठी आई म्हणतात. ही मोठी आई म्हणजे नवऱ्या मुलाची आई. आणि गाव-नातं काढण्यात ही पुतणी जिच्याकडून शिकली ती गुरू तीच. लग्नाआधी मुलीकडच्यांची चौकशी करणं हा तिच्या दृष्टीने वरमाईचा धर्मच होता. ती पुतणीला म्हणाली होती, "तू लोकाइच्या मनातलं शिकून राहिली ना? मग पोरीच्या भावाचं काढ. तिशी झाली, लग्न काहून नाही केलं त्यानं? काही भानगड असन तर आत्ताच समजू दे."

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, बघते. मॅडम, तो काही क्लायंट थोडीच होता. सराव होता तो."

"सराव तुझा होता," मी म्हटलं. "तो खरं बोलला."

ती पोह्यांतला चमचा फिरवत बसली. "मग घरच्यांशी खोटं बोलू का? मोठ्या आईनं वाढवलं मले."

पुस्तकात लिहिलेलं असतं की गोपनीयता पाळावी. वाडीच्या एकत्र घरात, पोळ्या लाटताना, मोठी आई समोर बसलेली असताना ती कशी पाळावी हे लिहिणारा अजून जन्माला यायचा आहे. मी पदर खोचला. "चल," म्हटलं, "मी मोठी आई. तू तू. कर सुरू."

"इथं?"

"इथंच. काय वं, काढली का माहिती?"

ती गोंधळली, मग म्हणाली, "मले नाही माहीत, मोठी आई."

"डोळे काहून चोरून राहिली मग?"

"चांगला आहे तो."

"म्हणजे तुले माहीत आहे. कुठं भेटली त्याले? कोणासंग होता?"

"मी नाही सांगू शकत."

"पाहा, म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहे. ए, इकडे या हो जरा, ऐका ही काय म्हणून राहिली." मी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून मोठ्या बाबांना, म्हणजे मोठ्या आईच्या नवऱ्याला, हाक मारली. कॅन्टीनवाला आमच्याकडे बघायला लागला.

ती रडायला लागली. मी थांबले नाही. मला तिची दया येत होती, पण बुटीबोरीहून आलेला तो आवाज कानात होता. पुन्हा विचारलं, पुन्हा पकडलं. पोहे गार झाले, तर्रीवर तेलाची साय धरली. आणि मग कुठल्यातरी फेरीला ती चिडली. चमचा ठेवला, नाक पुसलं आणि सरळ माझ्याकडे पाहून म्हणाली, "मोठी आई, मी आता कोणाचंच नाही सांगत. त्याचंही नाही आणि दुसऱ्याचंही नाही. हेच शिकून राहिली मी. उद्या कोणी मले तुह्याबद्दल विचारलं, तरी नाही सांगणार."

मी पदर सोडला आणि म्हटलं, "हं. हे जाऊन सांग."

दरम्यान सरांच्या कानावर गेलं की बाहेरचा माणूस आला होता आणि रडवेला होऊन गेला. त्यांनी बोलावून घेतलं. "मॅडम, थांबवा हे. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

"मी," म्हटलं. "आणि अजून शनिवार बाकी आहेत."

"नेमकं झालं काय?"

"पेशंटला गाव विचारलं."

सरांना लागलं. ते त्यांचं आवडतं शिकवणं होतं. "इतकी वर्षं मी हेच शिकवतो," ते म्हणाले. "माणसं मोकळी होतात मॅडम, डोळ्यांनी पाहिलंय मी."

"होतात सर. ज्यांना गावाची भीती नाही ती होतात."

सर खिडकीबाहेर पाहत राहिले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मी त्याचा अर्थ हो असा घेतला आणि पुढच्या शनिवारची तयारी केली. आमच्या सरांबरोबर काम करायचं तर त्यांच्या गप्प बसण्याचे अर्थ आपल्या सोयीने लावता यायला हवेत.

वाडीच्या मुलीने घरी जाऊन तेच सांगितलं. मोठी आई संतापली. शिकून पोरगी हाताबाहेर गेली, घरच्यांपेक्षा परके जवळचे झाले, असं तिला ऐकवलं आणि बोलणंच बंद केलं. भांडी मात्र आपटून ठेवायची. मुलगी वर्गात येऊन गप्प बसायची आणि मी रोज तिच्या तोंडाकडे पाहायची. आज फुटली का, उद्या फुटेल का. बुटीबोरीहूनही रोज एक मेसेज यायचा, नुसतं प्रश्नचिन्ह. मी लिहायची, ठीक आहे. ठीक आहे की नाही हे मलाही माहीत नसायचं.

मग एक दिवस ती तास संपल्यावर मागे थांबली.

"मॅडम, काल दुपारी मी गहू निवडत बसली होती. मोठी आई येऊन बाजूले बसली. मग म्हणाली, खरंच तू कोणाले नाही सांगत का? मी म्हटलं, नाही. मग बोलत राहिली ती. तिचं स्वतःचं. कधीच कोणाजवळ नसन बोलली असं." ती थांबली. "काय बोलली ते नाही सांगत मी तुम्हाले."

माझी जीभ वळवळली, खोटं कशाला बोलू. पण मी विचारलं नाही. इतका आनंद झाला होता मला की पिशवी उचलून मी सरळ जिना उतरले आणि खाली आल्यावर लक्षात आलं की उन्हासाठी आणलेली छत्री वरच राहिली.

शेवटच्या शनिवारी तो परत आला. स्वतःहून. "अर्धं सांगून पळालो होतो," म्हणाला. या वेळी त्याने मुलांना ती साळ्याच्या दोस्ताची गोष्ट सांगितली, चहासकट. वर्ग आधी हसला आणि मग एकेक जण खाली पाहायला लागला, कारण प्रत्येकाने कुणाला ना कुणाला गाव विचारलेलं होतं.

"गाव विचारू नका असं नाही म्हणत मी," तो म्हणाला. "आधी विचारू नका. माणसाले बोलू द्या पहिले. तुम्ही ओळख काढली की तुम्हाले आपला माणूस भेटतो. मले तर माह्या मामाचा माणूस भेटला होता."

वाडीच्या मुलीने हात वर केला. आवाज नेहमीचा नव्हता. "आणि बाहेर कुठं भेटलो तर?"

"तर ओळख आधी मी दाखवीन. मी नाही दाखवली तर तुम्ही दाखवायची नाही."

"लोक म्हणतील, भाव खाऊन राहिली," मागून कुणीतरी म्हणालं.

"खा मग थोडा भाव," तो म्हणाला.

लग्नाचं बोलावणं मला दोघांकडूनही आलं, व्हॉट्सॲपवर एकच पत्रिका दोनदा. मे महिन्यातलं ऊन, कन्हानचं लॉन, दारात टोपी घातलेले एक आजोबा. "कोणाकडून?" त्यांनी विचारलं. "दोन्हीकडून," मी म्हटलं, आणि त्यांचे डोळे चमकले. आता हे माझं कुळ-मूळ काढणार, हे ओळखून मी "ऊन लागून राहिलं काका" म्हणत मांडवात शिरले.

मोठी आई मला लगेच ओळखू आली. पुतणीने "आमच्या मॅडम" म्हणून ओळख करून दिली. तिने माझं गाव विचारलं, माहेर विचारलं, आणि मग म्हणाली, "तुम्हीच का शिकवलं हिले असं? घरचं विचारलं तरी तोंड उघडत नाही." रागाने म्हणाली की कौतुकाने ते मला कळलं नाही. तेवढ्यात नवरीचा भाऊ समोरून आला. मोठ्या आईने त्याला थांबवलं. "भाऊ, ही आमची पुतणी. तुमची झाली का ओळख?"

वाडीच्या मुलीने हात जोडले. "नमस्कार," म्हणाली. बस. नजर कोरी. त्यानेही हात जोडले आणि पुढे गेला. मी मात्र दातांखाली जीभ धरून उभी. माझ्या नोकरीतल्या सगळ्या वर्षांत इतकी अवघड परीक्षा कुणी दिलेली मी पाहिली नव्हती.

लग्न लागलं. मग विहीणपंगत बसली. नवऱ्या मुलाच्या आईला आणि तिच्याकडच्या बायकांना मानाने बसवून मुलीकडच्यांनी वाढायचं, ही रीत. मोठी आई मधोमध, शेजारी पुतणी, पलीकडे मी. नवरीचा भाऊ स्वतः बुंदीची बादली घेऊन वाढत होता. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला.

आमच्यासमोर आला तेव्हा मोठी आई म्हणाली, "भाऊ, बहिणीचं झालं. आता तुमचा बार कधी उडवता?"

आजूबाजूच्या बायका हसल्या. वाडीची मुलगी पानात पाहत भात कालवत राहिली, कालवलेलाच भात. माझा घास तोंडातच थांबला. "बघू ना मावशी" म्हणून पुढे सरकायचं, एवढंच काम होतं. वर्षानुवर्षं तो तेच करत आला होता.

तो सरकला नाही. पळी बादलीत ठेवली आणि मुलीकडे पाहून म्हणाला, "ताई, आपली ओळख आहे ना?"

तिने मान वर केली. "आहे," ती म्हणाली.

मोठ्या आईने दोघांकडे पाहिलं. "ओळख? अन मघाशी तर नुसता नमस्कार केला तुम्ही."

"मीच सांगितलं होतं त्यांले तसं," तो म्हणाला. आवाज बारीक होता, पण कापत नव्हता. "मी त्यांच्या कॉलेजात गेलो होतो मावशी. लग्न काहून नाही करत, तेच सांगायले गेलो होतो. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांले सगळं माहीत आहे."

मोठी आई पुतणीकडे वळली. "तुले माहीत होतं? मी विचारलं तवा?"

"होतं."

"अन मले नाही सांगितलं?"

"मी कोणाचं सांगत नाही, मोठी आई," ती म्हणाली. "तुह्यंही नाही सांगितलं."

मोठ्या आईचा हात पानावर तसाच राहिला. ती पुतणीकडे बघत होती. मग त्याच्याकडे बघायला लागली, त्या ओल्या शर्टाकडे, हातातल्या बादलीकडे. तिच्या ओठांवर प्रश्न आलेला मला स्पष्ट दिसला. आयुष्यभर प्रश्न विचारलेली बाई ती.

"बादली ठेवा ती खाली," ती म्हणाली. "अन बसा हिच्या बाजूले. जेवले नसान तुम्ही अजून."

तिने स्वतः सरकून जागा केली. तो बसला. दुसरं तिने काहीच विचारलं नाही.